आडवी हातोडी

"आजी, ओ आजी, डोळे उघडा. व्यायामाची वेळ झाली."

मी जागीच होते. मुद्दाम डोळे मिटून पडले होते. व्यायाम घेणाऱ्या तांबोळी मॅडमचा हात माझ्या उजव्या खांद्यावर आलेला पापणीच्या फटीतून दिसला. तो झटकून टाकावा असं फार वाटलं, पण त्या बाजूचा खांदा माझा राहिलाच नव्हता.

"रात्री झोप लागते का यांना?" मॅडमनं माझ्या सुनेला विचारलं.

"लागती की. गप पडून असत्यात," लंका म्हणाली. "रातचा काय तरास नाय त्यांचा. तरास समदा दिवसाचा."

"मग सकाळी अशा का मरगळतात?"

"अंग चोरत्यात, दुसरं काय."

मी खाडकन डोळे उघडले. अंग चोरते! जिनं उभ्या जन्मात घण खाली ठेवला नाही, तिला कालची आलेली पोर म्हणते अंग चोरते. मला म्हणायचं होतं, "भवाने, तुझ्या सात पिढ्यांनी केलं नसंल एवढं काम केलंय मी." तोंडातून निघालं, "नको, नको, नको!"

"बघा," लंका म्हणाली. "कायबी इचारा, हेच."

"तो शब्द अडकलाय त्यांचा," मॅडम म्हणाली. "हो म्हणायचं असलं तरी नको येतं. पाणी पाहिजे असलं तरी नको. त्यावर जाऊ नका. पण आजी, अंगाचं काय? काल उठला नाहीत, परवा उभं केलं तर अंग टाकून दिलंत. शनिवारी मोठे डॉक्टर येणार. आमच्याकडे खाटा थोड्या आहेत. व्यायामाला उठत नाही त्याला ते घरी पाठवतात. आणि हातापायातलं बळ परत यायचं असलं तर ते या सुरुवातीच्या दिवसांतच येतं. पुढं कितीही मनावर घेतलंत तरी इतकं येत नाही. कळतंय ना?"

कळत होतं. सगळं कळत होतं. जिभेवरून वारं गेलं होतं, डोक्यावरून नाही. पण दवाखान्यातली माणसं माझ्याशी तान्ह्या लेकराशी बोलावं तसं मोठ्यानं, हात हलवून बोलत. आणि आजी कसली? केसात पांढरं शोधावं लागत होतं तेव्हा माझ्या. केराबाई घिसाडीण म्हटलं की नेवाशापासून पैठणापर्यंतच्या बाजारात लोक ओळखायचे मला.

आमच्या जातीत काम कसं चालतं ते सांगते, म्हणजे माझा राग कळेल. पुरुष बसून सांडशीनं तापलेलं लोखंड ऐरणीवर धरतो. बाई समोर उभी राहून घण मारते. पुरुषाच्या दुसऱ्या हातात लहान हातोडी असते. ती हातोडी लोखंडावर जिथं टेकेल तिथं घण पडला पाहिजे. बोलायचं काम नाही. घण वर गेला की तो ऐरणीच्या कडेवर टिण् टिण् करत राहतो, म्हणजे ताल सुटत नाही, आणि बाईला कळतं की समोरचा माणूस जागेवर आहे, लोखंड धरून आहे. काम झालं की तो हातोडी ऐरणीवर आडवी ठेवतो. हातोडी आडवी पडली की घण थांबला. तोवर नाही. पदर सुटू दे, पोर रडू दे, थांबायचं नाही. मी डोळे मिटून घण मारला आहे. पोटात माझा दत्तू, या लंकाचा नवरा, असताना मारला आहे.

घण मारणारी पडली की भट्टी विझते. नाहीतर त्या जागी दुसरी उभी राहते. शनिवारी मला घरी पाठवलं तर पालाच्या कडेला गोधडीवर पडून दुसरीचा घण ऐकत मरायचं, एवढंच माझं उरणार होतं. हे मला त्या तांबोळी मॅडमपेक्षा जास्त कळत होतं. तरी सकाळ झाली की अंग उठत नव्हतं. अंगात वाळू भरल्यासारखं होई. कानात कसलातरी आवाज घुमे. समोरचं माणूस काय म्हणतंय ते अर्ध्यातच सुटून जाई, आणि मग ते माणूस गळा दाबून मारावं इतका राग येई.

त्या दिवशी दोघींनी मला चाकाच्या खुर्चीत घातलंच. व्यायामाच्या दालनात नेलं. तिथं जमिनीत रोवलेले दोन लोखंडी दांडे होते, त्यांना धरून चालायचं. एका भिंतीला मोठा आरसा होता. त्यात मी पहिल्या दिवशी माझं वाकडं तोंड बघितलं आणि परत तिकडं पाहिलं नाही.

मॅडमनं माझ्या उजव्या हातात एक रबरी चेंडू ठेवला. पिवळा, मऊ, लहान मुलं खेळतात तसला.

"दाबा. जोर लावा. थोडं तरी. शाब्बास आजी, शाब्बास!"

मी काहीच दाबलं नव्हतं. बोटं त्या चेंडूभोवती मेलेल्या सरड्यासारखी पडली होती, आणि ती बाई टाळ्या वाजवत होती. ज्या हातानं रानडुकराच्या मानेएवढा घण उचलला, त्याला पिवळा चेंडू आणि वर शाब्बास! मी डाव्या हातानं तो चेंडू काढला आणि भिरकावला. तो आरशावर आपटून परत माझ्याच पायाशी घरंगळत आला. पलीकडच्या खुर्चीतला एक म्हातारा हसला. त्याचंही तोंड वाकडं होतं, म्हणून हसूही वाकडंच आलं.

"चेंडू नको असेल तर उभ्या राहा," मॅडम म्हणाली. ती चिडली होती, पण राग दाबत होती. दांड्यांच्या मधे त्यांनी मला उभं केलं. डाव्या हातानं दांडा धरला. गार लोखंड हाताला लागलं, तेवढं बरं वाटलं. आणि पुढच्याच क्षणी मान छातीवर पडली, गुडघा दुमडला, सगळं अंधारलं. मॅडमनं कमरेच्या पट्ट्याला धरून मला वर खेचलं.

"आजी! उभ्याउभ्या झोपता काय?"

"सोंग हाय," लंका म्हणाली. "कामाचं नाव काढलं की झोप."

खाटेवर परत आणल्यावर माझे डोळे आपोआप मिटले. तेवढ्यात गार पाण्याचा हबका तोंडावर बसला. लंका ओला हात झटकत उभी होती.

"झोपायचं नाय आत्याबाई. मामांनी सांगितलंय."

मामा म्हणजे माझा कारभारी, भिवा. त्याच्या म्हाताऱ्या चुलतीनं त्याच्या डोक्यात भरवलं होतं की वारं गेलेलं माणूस दिवसा झोपलं तर वारं अंगात मुरतं, मग ते निघत नाही. तापलेलं लोखंड निवू दिलं की वाकत नाही, तसंच अंगाचं, असं ती म्हातारी म्हणायची. आम्हा लोकांना लोखंडाची उपमा दिली की पटतं. कारभाऱ्यानं लंकाला ताकीद दिली होती: दिवसा डोळा लागू द्यायचा नाही. ती बिचारी दिवसभर पाण्याचा तांब्या घेऊन माझ्यावर राखण करत बसे. डुलकी आली की पाणी. परत आली की गालाला चापट. दिवसभर राखण करून दमली की रात्री खाटेखाली चटई टाकून ती अशी झोपे की वरून गाडी गेली तरी उठायची नाही. म्हणून तिला वाटे, सासू रात्री गप पडून असते.

गप पडूनच असे मी. छताकडं बघत. वर पंखा होता, त्याचं एक पातं वाकडं होतं, ते मला पाठ झालं होतं.

एकदा मोठे डॉक्टर येऊन माझ्या डोळ्यात बघून गेले होते. "मन खचलंय," ते म्हणाले होते. "या आजारात होतं असं. व्यायामात लक्ष लागत नाही, कशात रस वाटत नाही. रात्रीची एक गोळी देतो. झोप लागेल, मनही हलकं होईल." चांगले होते ते, समजावून बोलले. पण मला राग आला. मन खचलंय म्हणे! माझ्या पोटात भट्टी पेटली होती, आणि हे म्हणतात खचलंय. गोळी द्यायला नर्स आली की मी ती जिभेखाली धरायची आणि ती पुढच्या खाटेकडं वळली की पदराच्या टोकात थुंकायची. डाव्या हातानं. रोज.

दुपारी भेटीच्या वेळेला कारभारी आला. बायकांच्या दालनात पुरुषांना तेवढीच वेळ असे. रात्री राहायची परवानगी नव्हती. त्यानं फडक्यातून भाकरी आणि लसणाचा ठेचा आणला होता. खाटेच्या कडेला बसून तो भाकरी कुस्करू लागला.

"काय म्हणती आज?" त्यानं लंकाला विचारलं. माझ्याशी तो बोलतच नसे. माझ्याबद्दल बोलायचा.

"नाय उठल्या. मॅडम म्हणत्यात, शनवारी घरी धाडतील."

"घरी?" त्याचा हात थांबला. "घरी नेऊन काय करू मी? तिथं कोन करणार हिचं?" मग पहिल्यांदा माझ्याकडं वळला. "अगं, लोकं हात जोडून हितं जागा मागत्यात. तुला मिळालीया तर तू लोळत पडती? एवढी जिद्दीची बाई, आन् आता काय झालं तुला?"

माझं त्याच्या बोलण्याकडं लक्ष नव्हतं. मी त्याच्या सदऱ्याकडं बघत होते. छातीवर एक भोक पडलं होतं. ठिणगीचं. कडा तांबूस होत्या, अजून काळ्या पडल्या नव्हत्या. ताजं होतं ते. आणि त्याच्या अंगाला धुराचा वास येत होता. कोळशाचा, कालचा नाही, आजचा.

भट्टी पेटली होती.

मी डावा हात लांब केला, त्या भोकात बोट घातलं आणि ओढलं.

"काय करती? फाटंल!"

मी आणखी ओढलं. सदरा टरकला. लंकानं मान खाली घातली. तिनं मान घातली तशी मला सगळं कळलं.

"अगं, बाजार व्हता," कारभारी म्हणाला. "कोयते सांगून ठिवल्याले व्हते. ऊसतोडीची माणसं खोळंबली. मग..."

मी त्याच्या डोळ्यात बघत राहिले.

"मग काय मग! कुनीतरी घण मारायलाच पायजे का नको? मंजुळानं मारला. दादा म्हणला, तिला घे. घेतली."

मंजुळा माझी जाऊ, थोरल्या दिराची बायको. तिच्या हाताला ताल नाही. ती घण मारते म्हणजे लोखंडाला शिव्या देते. आणि माझा घण, मी बाभळीचा दांडा घालून, तेल पाजून, तळव्याच्या घामानं काळा केलेला घण, तिच्या हातात!

उशाशी पाण्यानं भरलेला पितळी पेला होता. मी तो उचलला आणि मारला. तो कारभाऱ्याच्या गुडघ्याला लागून फरशीवर ठणठणत गेला. सगळं दालन वळून बघायला लागलं. पाणी त्याच्या धोतरावरून गळत होतं.

तो उठून उभा राहिला. माझा नवरा शांत माणूस. पण त्या दिवशी त्याचंही सुटलं.

"बघा! समद्यांनी बघा! नवऱ्याला मारायला जोर हाय, व्यायामाला नाय. रातभर झोपती, दिवसभर झोपाया बघती. मी तिकडं एकला भाता मारतो, हितं येतो, हातापाया पडतो, आन् ही? पड मग! पड मर तशीच!"

"मेल्या!" मी म्हणाले.

स्वच्छ. खणखणीत. नेवाशाच्या बाजारात ऐकू जाईल असं.

कारभाऱ्याचं तोंड उघडंच राहिलं. लंका खुदकन हसली आणि लगेच पदर तोंडाशी नेला. तांबोळी मॅडम दारातून आत येत होती, तिनं ऐकलं होतं.

"अगं बाई!" ती म्हणाली. "हा शब्द बरोबर आला की!"

"शिवी आली, मॅडम," कारभारी म्हणाला.

"शिवी तर शिवी. रागात असला की कधी कधी शब्द सुटतो." तिनं पेला उचलला. त्याला पोचा पडला होता. ती येऊन खाटेवर बसली, माझ्या अगदी समोर. आणि या वेळी आजी म्हणाली नाही. "केराबाई, तुमचा राग मला दिसतोय. नवऱ्यावरचा कळला. बाकीचा कशाचा आहे? शब्द येत नसले तर दाखवा. मी बसलेय."

कुणीतरी बसलंय, हे ऐकून मला रडू आलं. ते मी गिळलं. मग दाखवलं.

आधी डावा तळवा गालाखाली धरला आणि डोळे मिटले. म्हणजे झोप. मग डोळे उघडले. डाव्या हातानं उजवा हात मनगटाला धरून उंच उचलला आणि सोडून दिला. तो मांडीवर धप्पकन पडला.

"झोपल्यावर हात दुखतो?"

"नको!" मी मान जोरात हलवली. परत केलं. झोप. मग हात वर. मग धप्प. परत. झोप. धप्प. मग डोळ्यांखालची काळी वर्तुळं बोटानं दाखवली, छतातल्या पंख्याकडं बोट केलं, आणि पदराची गाठ सोडून तिच्या पुढ्यात टाकली. त्यातून भिजून वाळलेल्या, अर्ध्या विरघळलेल्या गोळ्या खाटेवर पडल्या.

मॅडमनं त्या गोळ्यांकडं बघितलं. मग कारभाऱ्याकडं वळली.

"हा झटका आला तेव्हा या काय करत होत्या?"

"काय नाय. सांजंला भाकरी खाल्ली. लंकाला दोन शिव्या दिल्या. आडवी झाली." तो सावकाश बोलायला लागला. "सकाळी म्या हाक मारली. उठंना. हलवली. डोळं उघडलं, तर तोंड असं... आन् हात उचलाया गेली तर..."

तो थांबला. माझ्याकडं बघत राहिला.

मी धड झोपले होते आणि अर्धी उठले होते. माझं अर्धं अंग कुणी नेलं, ते मी बघितलं नाही, कारण माझे डोळे मिटलेले होते. आता डावी बाजू उरली होती. ती मी डोळे मिटून घालवणार नव्हते. रात्रभर मी डाव्या पायाची बोटं हलवत पडायची. एक, मग दुसरं. आहेत, आहेत. आणि दिवस उजाडला, माणसं भोवती आली, आता झोपले तर कुणीतरी बघेल असं वाटून डोळा लागायचा, तेव्हा तोंडावर पाणी.

"लंका," मॅडम म्हणाली, "तुम्ही दिवसा यांना झोपू का देत नाही?"

"मामा म्हणले..." लंकाचा आवाज बारीक झाला.

"म्याच सांगितलं," कारभारी म्हणाला. "वारं मुरतंय म्हणून."

"असं काही मुरत नाही हो. झोप नसेल तर अंगाला शिकवलेलं राहत नाही. मी सकाळी शिकवते ते यांच्या डोक्यात थांबणार कसं? आणि राग येणार नाही तर काय होईल?" मग तिनं स्वतःच्या कपाळावर हात मारला. "मी रोज विचारत होते झोप लागते का, पण विचारत होते सुनेला."

मग ती माझ्याकडं वळली. "केराबाई, ते झोपेत झालं. झोपेमुळं नाही."

ती म्हणाली ते मला पटलं. पण पटल्यानं झोप येत नसते.

कारभारी पोचा पडलेला पेला हातात फिरवत होता. "झोप," तो मला म्हणाला. "म्या हाय हितं."

मी भिंतीकडं तोंड केलं. त्याच्यावरचा माझा राग गेला नव्हता. मंजुळा डोळ्यापुढून हलत नव्हती.

"इथं नाही बसता येणार तुम्हाला," मॅडम म्हणाली. "भेटीची वेळ संपतेय. पण व्यायामाचं दालन दुपारी रिकामं असतं. तिथं गादी आहे. मोठ्या डॉक्टरांना मी सांगते."

तिथं नेऊन त्यांनी मला गादीवर निजवलं, दोन लोखंडी दांड्यांच्या शेजारी. लंका दाराशी बसली. कारभारी माझ्या उशाला, दांड्याला टेकून बसला. मी डोळे उघडे ठेवले. तो काही बोलला नाही. बोलला असता तर मी थुंकले असते.

मग मला ते ऐकू आलं. टिण्. टिण्. टिण् टिण्.

पेल्याची कड तो दांड्यावर वाजवत होता. घण वर गेल्यावर ऐरणीच्या कडेवर मारतो तसं, तोच ताल. सांडशीत लोखंड धरलंय, समोरचा जागेवर आहे. जन्मभर याच आवाजावर मी डोळे मिटले होते आणि घण टाकला होता. एकदाही त्याच्या हातावर पडला नाही. एकदाही त्यानं आवाज आधी थांबवला नाही.

टिण्. टिण् टिण्.

"थांबणार नाय म्या," तो पुटपुटला. "तू सांगंस्तोवर."

एवढं आठवतं. पुढचं नाही.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती आणि आरशात तांबडं ऊन पडलं होतं. टिण् टिण् चालू होतं, पण डावीकडून. त्यानं हात बदलला होता. मी आधी डाव्या पायाची बोटं हलवली. होती. डाव्या हाताची हलवली. ती पण होती. मग मी मान वळवून त्याच्याकडं बघितलं. डोळे लाल, मान आखडलेली, धोतर अजून ओलसर.

"ठेवू का आडवा?" त्यानं पेला दाखवून विचारलं.

"नको," मी म्हणाले. आणि त्या वेळी मला तेच म्हणायचं होतं. मी परत झोपले.

रात्रीची तोड लंकानं काढली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. पहाटे एकदा ती उठायची, माझ्या दोन्ही दंडांना चिमटे काढायची आणि म्हणायची, "ह्यो बी तुमचा, त्यो बी तुमचाच. कुनी नेला नाय. झोपा आता, मला बी झोपू द्या." गोळी मी गिळायला लागले. तांब्या तिनं खाटेखाली सारला. व्यायामाची वेळ मॅडमनं सकाळची काढून दुपारच्या झोपेनंतरची केली.

शनिवारी मोठे डॉक्टर आले तेव्हा मी दांड्यांच्या मधे उभी होते. पाय लटलटत होता, लाळ गळत होती. मॅडमनं पिवळा चेंडू पुढं केला. मी तिच्याकडं असं बघितलं की तिनं तो परत पिशवीत घातला आणि कारभाऱ्याची सांडशी माझ्या उजव्या हातात दिली. ती तिनंच त्याला आणायला लावली होती. बोटं सांडशीभोवती वळली. मिटली नाहीत, पण वळली.

"राहू द्या यांना," मोठे डॉक्टर म्हणाले.

त्यानंतर एका पहाटे लंकानं चिमटा काढला आणि मी ओरडले. उजव्या दंडाला, जिथं तोवर मला काहीच कळत नव्हतं. लंका तिथंच मटकन बसली आणि रडली. मी पण तिला शिवी दिली ती रडतच दिली.

दवाखान्यातून मी माझ्या पायानं चालत बाहेर पडले. हात मात्र अर्धाच आला. खांद्याच्या वर जाईना. घण कायमचा गेला, हे तांबोळी मॅडमनं निघताना आडपडदा न ठेवता सांगितलं. मी तिच्यावर तेव्हाही चिडले. खरं बोलली म्हणून चिडले.

पालापुढं भट्टी पेटलेली होती. मंजुळा माझा घण घेऊन उभी होती. मी टेंपोतून उतरले, कुणाचा हात धरला नाही, सरळ ऐरणीपाशी गेले आणि कारभाऱ्याच्या जागेवर बसले. डाव्या हातानं सांडशी उचलली. भट्टीतलं तांबडं लोखंड धरून ऐरणीवर ठेवलं. उजव्या हातात हातोडी घेतली. ती हलकी असते. तिला जोर लागत नाही, जागा माहीत असावी लागते.

"ए, ए!" थोरले दीर धावत आले. "बाईच्या जातीनं सांडशी धरायची? भिवा, भट्टी बाटवती ही! सात पालांत तोंड दाखवाय जागा राहायची नाय."

कारभारी भट्टीकडं बघत राहिला. दीर आणखी चढले.

"आन् घण कोन मारणार मग? मंजुळाला न्हेतो म्या. बाईच्या हातोडीवर माजी बायको घण मारायची नाय. मग कोन? तू?"

लोखंड निवत चाललं होतं. मी हातोडी त्यावर टेकवली आणि कारभाऱ्याकडं बघितलं. तो तसाच उभा. मी ऐरणीच्या कडेवर मारलं. टिण्. टिण् टिण्. हात थरथरत होता, ताल नाही.

तो तळहातावर थुंकला, पुढं झाला आणि त्यानं मंजुळाच्या हातातून घण ओढून घेतला.

पहिला ठोका चुकला. जन्मभर बसून काम केलेला माणूस, त्याला घण कुठून येणार? दुसरा ऐरणीवर पडला, सगळं पाल हसलं. माझ्या तोंडाला नुसता फेस आला.

"मेल्या, हितं!" मी ओरडले. "हितं, हितं!"

तिसरा ठोका हातोडी टेकली होती तिथं पडला.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. थोरले दीर पाल मोडून दुसरीकडं गेले, ते आमच्याशी बोलत नाहीत. बाजारात माणसं अजून थांबून बघतात, बसलेली बाई आणि उभा घाम गाळणारा दाढीवाला, आणि कुणीतरी हसतंच. हसू दे. कारभारी आता बरा मारतो. दुपार झाली की दमतो, तिरकं बघतो, हातोडीकडं बघतो.

मी टिण् टिण् करत राहते. लोखंड अजून तांबडं असतं. हातोडी आडवी पडल्याशिवाय घण थांबत नाही, आणि हातोडी माझ्या हातात आहे.